कानपूरची पर्स

जुनी पर्स अगदी नव्यासारखी करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी माझं पहिल्या भेटीतच वाजतं. नवी हवी तर दुकानात जा ना बाई! मी चामड्याचा मळ काढते, तेल-मेण पाजते, उसवलेलं शिवते, तडे भरते. वय काढून टाकायला मी काही ब्यूटी पार्लर उघडलेलं नाही. हे मी तोंडावर सांगते, म्हणून काही जणी पुन्हा येत नाहीत आणि ज्या येतात त्या दुसरीकडे जात नाहीत.

माझी खोली सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आहे. आम्ही मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणारे. लग्नानंतर पुण्यात बॅगांच्या कारखान्यात काम मिळालं, तिथं आरी-रापी हातात आली ती सुटली नाही. हल्ली आजीच्या ट्रंकेतली पर्स काढून मिरवायची फॅशन आली आहे. कॉलेजच्या पोरी 'व्हिंटेज, व्हिंटेज' करत येतात, फोटो काढतात आणि बुरशीचा वास आला की नाक मुरडतात. त्यांच्या जिवावर माझं बरं चाललंय, म्हणून फार बोलत नाही.

दीपमालावहिनी आल्या तेव्हा पर्स त्यांच्या हातात नव्हतीच. ती त्यांच्या सासूबाईंच्या कोपरात अडकवलेली होती. सासूबाई म्हणजे शालूबाई, विट्याच्या. इरकलीचा पदर डोक्यावरून, कपाळावर मोठं कुंकू, आणि डाव्या हातावर ती चौकोनी तपकिरी पर्स. उजवा हात पितळी खटक्यावर घट्ट. मी जवळ गेले तशी बाई दोन पावलं मागं सरकली आणि माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी एस. टी. स्टँडवरची पाकीटमार.

पर्सचे हाल बघवत नव्हते. पट्टा तुटून सुतळीनं बांधलेला. कडांचं चामडं इतकं कुजलेलं की बोट लावलं की लाल भुकटी पडायची. ती भुकटी बाईंच्या साडीवर, ब्लाउजवर, हातावर, सगळीकडे. खाली तळाशी काळे, जळल्यासारखे डाग. असे डाग मी आधी पाहिले नव्हते.

"तेजाबाचं हायती ते," वहिनी हळूच म्हणाल्या आणि मला दारात घेऊन आल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे हंबीरराव, त्यांचं कानपूरला गलाईचं दुकान. विट्याकडची कितीतरी माणसं गावोगावी जाऊन हाच धंदा करतात: सराफांकडचं जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात घालून शुद्ध करून द्यायचं. शालूबाई नव्या नवरी म्हणून कानपूरला गेल्या तेव्हा हंबीररावांनी त्यांना ही पर्स घेऊन दिली. दुकानातला माल घरी आणायचा आणि सकाळी परत न्यायचा, तो या पर्समधून. वर जेवणाचा डबा, त्याखाली सोनं. बाईमाणसाच्या पर्सकडं कोण बघतंय! सगळं आयुष्य त्यांनी ती ने-आण केली. तेजाबाच्या धुरानं हंबीररावांची छाती गेली आणि विट्याला आणल्यावर ते वारले. दुकान आता मुलगा, पृथ्वीराज, बघतो.

"आत्यांना मामा गेल्यालं आठवतच न्हाई," वहिनी म्हणाल्या. "डोकं फिरल्यापासनं रोज इचारायच्या, मालक जेवलं का? पैल्यांदा आमी खरं सांगायचो. मग असा हंबरडा फोडायच्या की गल्ली गोळा व्हायची. आनि दुपारी सगळं इसरून पुन्ना तेच, मालक जेवलं का? पुन्ना सांगायचं, पुन्ना हंबरडा. डॉक्टर म्हनले, माणसाला रोज रोज रांडाव करू नका. तवापासनं आमी सांगतो, मामा दुकानात हायती."

"आणि पर्स?"

"पर्समधी माल हाय असं त्यांना वाटतं. तो मामांच्या हातात द्यायचा हाय. पर्स हातात हाय तवर गप बसत्यात, वाट बघत. पट्टा तुटला त्या दिवशी दिवसभर पाण्याचा थेंब घेतला न्हाई. ताई, पर्स गेली तर त्या मामांना शोधायला निगतील, आनि मग आमी काय सांगायचं?"

मी म्हटलं, ठेवून जा, होईल. तर वहिनी म्हणाल्या, ठेवता येणार नाही. आंघोळीलासुद्धा ती समोर खुंटीवर लागते. जे करायचं ते त्यांच्या मांडीवर करा. आणि ती तशीच दिसायला पाहिजे. जराही वेगळी दिसली तर माल चोरला म्हणतील.

मला राग आला. म्हणजे वाळवायला वेळ नाही, दाबायला शिकंजा नाही, आणि वर गिऱ्हाईक डोळ्यांत तेल घालून बसलेलं! असं कधी काम होतं का? मी नाही म्हणायला वळले, तर शालूबाई खोलीच्या मध्यावर उभ्या होत्या. पर्स छातीशी धरलेली. इतकी दमलेली बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"बसा मावशी," मी म्हटलं.

वहिनींची बहीण इथंच सांगलीत, विश्रामबागेत राहते. तिथं त्या मुक्कामाला राहिल्या आणि रोज सकाळी सासूबाईंना रिक्षातून घेऊन यायच्या. शालूबाई गादीवर बसायच्या, पर्स मांडीवर, मी खाली जमिनीवर. त्यांचा एक हात कायम पर्सच्या आत. मी माझ्या बाजूचं चामडं मऊ ब्रशनं झाडायची, ओल्या फडक्यानं टिपायची, कुजलेल्या कडांना भुकटी धरून ठेवणारं औषध थोडं थोडं पाजायची. एका दिवसात फार काही बदलू द्यायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून दुपटं काढावं तसं सगळं काम.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. रंगानं माझी बोटं कायमची काळी झालेली आहेत.

"तेजाब लागलं व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं.

"कुठल्या दुकानावर हायस?"

मी वहिनींकडं पाहिलं आणि म्हटलं, "कानपूर."

झालं! त्या दिवसापासून मी चोर राहिले नाही, दुकानाचं माणूस झाले. मग मला कामाचे धडे मिळायला लागले. हात धुतलेलं पाणी फेकायचं नाही, पिंपात साठवायचं. झाडलेला केर टाकायचा नाही. कपडे झटकायचे ते दुकानातच. "सोन्याचा कन जातो कुठं पोरी? हितंच असतोय. चटईत, चिंधीत, मानसाच्या केसात." मी तेलाचं फडकं कोपऱ्यात टाकलं तर मला उचलायला लावलं. वहिनींना हसू आवरेना. खरं सांगते, मलाही ती बाई आवडायला लागली. माझ्या सासूनं कधी एवढ्या मायेनं मला शिव्या दिल्या नव्हत्या.

एकदा मात्र सगळं फिसकटत होतं. खटका गंजून अडकत होता म्हणून मी तो जरा पॉलिश केला. पितळ लखलखलं आणि शालूबाईंचा चेहरा बदलला.

"ही पर्स कुनाची?"

"तुमचीच की मावशी."

"आमची न्हवं ही. आमची कुठं हाय? दीपे, मालकांना बोलीव. मालकांना बोलीव म्हंते ना! कुठं हायती मालक?"

त्या उठल्याच. दाराकडं निघाल्या. वहिनींचा चेहरा पांढराफटक. मी हाताला लागलेलं काळं मेण खटक्यावर खसाखसा चोळलं आणि त्यांच्या पुढं जाऊन पर्स धरली. "दाबून बघा," म्हटलं. त्यांनी अंगठ्यानं दाबलं. जुनाच आवाज आला. पुन्हा दाबलं. पुन्हा आला. मग त्यांनी पर्स कोपरात अडकवली आणि जागेवर येऊन बसल्या.

त्यानंतर मी चकाकीच्या वाटेला गेले नाही. पट्टा साताऱ्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या मिलिटरी होल्डॉलच्या पट्ट्यातून कापला, म्हणजे तो मुळातच म्हातारा होता. तेजाबाचे डाग तसेच ठेवले. राहिलं अस्तर. तळाशी त्याच्या नुसत्या दशा उरल्या होत्या, शालूबाईंचं बोट आरपार जायचं. तेवढा तुकडा कापून त्याच रंगाचं जुनं कापड घातलं. कापताना त्यांनी हात पुढं केला, त्या दशा स्वतः रुमालात बांधल्या आणि वहिनींकडं दिल्या. "कन सांडू नगंस," म्हणाल्या. तसाही माझा नियमच आहे: पर्समधून निघालेली चिंधीसुद्धा मालकाला परत. उद्या कुणी म्हणायला नको.

शेवटच्या दिवशी शालूबाई नव्या पट्ट्याची पर्स कोपरात घालून रिक्षात बसल्या आणि त्यांना काहीही वेगळं वाटलं नाही. बावीस वर्षांच्या कामात मला असा आनंद झाला नव्हता. कुणाला दिसलंसुद्धा नाही असं काम मी पहिल्यांदाच केलं होतं.

पृथ्वीराज कानपूरहून गावच्या जत्रेला आले तेव्हा वहिनींनी मला जेवायला बोलावलं. मी एस. टी.नं विट्याला गेले. शालूबाई सोप्यात पलंगावर बसलेल्या, पर्स मांडीवर. मला बघून म्हणाल्या, "आलीस? मालक येतीलच आता." माझी छाती फुगली. पर्स शाबूत, बाई शाबूत.

पृथ्वीराज मनानं हळवा माणूस. जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं, आईकडं होतं. आई मधूनच खटका उघडायची, आत हात घालून चाचपायची, आणि तिच्या कपाळावर आठी यायची. काही सापडायचं नाही. मग खटका बंद. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

"रोज असंच?" त्यांनी बायकोला विचारलं.

"रोज. घटकाभर शोधत्यात, मग इसरत्यात."

"बिचारी रिकाम्या पर्सवर राखण बसलीय," ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

वहिनी आणि मी आत भांडी आवरत बोलत बसलो. परसातून कापड जळल्याचा वास आला, पण जत्रेचे दिवस, कुणी काही पेटवलं असेल म्हणून लक्ष दिलं नाही. वहिनींनी सुपाऱ्या कातरल्या, मला लुगड्याची घडी दाखवली, जायच्या आधी ओटी भरते म्हणाल्या. मग सोप्यातून पृथ्वीराजांचा आवाज आला. खूश होता आवाज.

"आई, हात पुढं कर. हे बघ काय आणलंय!"

आम्ही बाहेर आलो. त्यांनी आईच्या तळहातावर काहीतरी ठेवलं होतं. मोहरीएवढा मणी. पिवळा, अजून काजळी लागलेला. त्यांनी रुमालातल्या अस्तराच्या दशा जाळल्या होत्या, ती राख मुशीत टाकणखार घालून वितळवली होती, आणि इतक्या वर्षांत पर्समध्ये झिरपलेलं सोनं त्यातून काढलं होतं. आईला पर्समध्ये ठेवायला खरं सोनं मिळावं म्हणून.

वहिनींच्या हातातली सुपारीची तबकडी खाली पडली. "अवं, काय केलंत हे!"

पृथ्वीराजांना कळेना. मलाही कळलं नाही.

शालूबाई मण्याकडं बघत होत्या. त्यांनी तो अंगठ्यानं चोळला, नाकाशी धरला. मग आमच्याकडं पाहिलं. इतके दिवस मी त्या डोळ्यांत बघत होते, पण असे स्वच्छ डोळे पहिल्यांदाच बघितले.

"मालक कवा गेलं?"



"आई, आबा दुकानात हायती," पृथ्वीराज म्हणाले. "ह्यो मनी तुझ्या पर्समधला हाय. अस्तर जाळून—"

"मला शिकवतोस व्हय रं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "गादी जाळून मनी हातात ठिवत्यात. माझ्या सासूच्या हातात ठिवल्याला मी बघितलाय. माझ्या जावंच्या हातात ठिवला. मानूस असताना बाईच्या हातात राखंतला मनी कोन देतंय?"

तेव्हा मला वहिनींनी भिंतीशी उभं राहून सांगितलं. त्यांच्या घरात रीत आहे. दुकान चालवणारा माणूस गेला की त्याची बसायची गादी जाळतात. त्याच्या अंगाखाली, हाताखाली सांडलेला कण न् कण त्या गादीत असतो. राखेतून जो मणी निघेल तो मुलानं विधवेच्या तळहातावर ठेवायचा. हंबीरराव गेले तेव्हा पृथ्वीराजांनी स्वतः ठेवला होता; पुढं तो मणी देवघरात गेला आणि डोकं फिरल्यावर शालूबाई तोही विसरल्या. आणि आज तोच मुलगा, त्याच आईच्या तळहातावर, त्याच बोटांनी!

पृथ्वीराजांच्या ते एकदम ध्यानात आलं. ते खालीच बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान पोरासारखे रडायला लागले. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण मला भयंकर संताप आला होता. सोन्याचा कण दिसला की तो काढायचा, एवढंच त्या हातांना ठाऊक! आईला काय हवं होतं? तिला फक्त वाट बघायची होती. ती तेवढी निवांत बघू दिली असती तर कुणाचं काय बिघडत होतं?

शालूबाईंनी हंबरडा फोडला नाही. त्यांनी पर्स कोपरातून काढली आणि जमिनीवर ठेवली. मग पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं.

"दीपे, आंघोळीला पानी काढ," म्हणाल्या.

वहिनी मला परसात घेऊन आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "इसरतील त्या ताई. सांजंपातूर इसरतील. रोज इसरायच्या न्हवं का!"

म्हणून मी थांबले. माझी एस. टी. गेली, तरी थांबले. आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून त्या बाईच्या विसरण्याची वाट बघत होतो. ओल्या केसांनी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मूठ मिटलेली. ऊन कलायला लागलं. वहिनींना राहवेना. त्या आत गेल्या, पर्स उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "आत्या, मामा येतील हं आता दुकानातनं."

"कुठलं येत्यात?" शालूबाई म्हणाल्या. "गेलं ते. मनी दिला न्हवं का मला!" आणि पर्स बाजूला सारली.

तोंडानं सांगितलेलं त्यांनी दरवेळी विसरून टाकलं होतं. मुठीत असलेलं विसरल्या नाहीत.

पृथ्वीराज जत्रा न करताच कानपूरला परत गेले. परवा वहिनींचा फोन आला. सासूबाईंना आता सून ओळखू येत नाही, घास गिळायचा राहतो, मोरीची वाट सापडत नाही. पर्सकडं ढुंकूनही बघत नाहीत. मी विचारलं, मग दिवसभर करतात काय?

"मूठ मिटून बसत्यात," वहिनी म्हणाल्या. "सकाळी डोळं उघडलं की पैलं इचारत्यात, मालकांना जाऊन आज कितवा दिस?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"आधी खरं सांगितलं, वर्षं झाली म्हनून. तर म्हनल्या, मग दहावा कुनी केला, मला का न्हाई उठवलं, आनि ऊर बडवून घेत बसल्या. आता मी सांगते, पैला. रोज सकाळी उठून सांगते ताई, आज पैला."